बारदान वजा केलं होतं का?

कुणी भांडी उरकून, कुणी शिलाई मशीनवर बसल्या बसल्या हा कार्यक्रम ऐकता, हे आम्हाला ठाऊक आहे. आज कर्जाचा विषय नाही, लोणच्या-पापडाचाही नाही. आज पोलिसांच्या झडतीचा आणि पंचनाम्याचा विषय आहे, आणि तोही गांजाच्या केसमधल्या. आपला काय संबंध, असं म्हणू नका. तीन वर्षांपूर्वी आम्हीही तेच म्हणत होतो.

खुरपणीचे दिवस होते. आमच्या एका गावात दुपारी चारच्या सुमाराला पोलिसांची गाडी आली. गावाच्या कडेच्या एका घराची झडती घ्यायची होती. दोन पंच पाहिजेत, असं म्हणताच पारावरची गडीमाणसं एकेक करून उठली आणि पांगली. समाजमंदिरात आमच्या गटाची बैठक चालू होती. साहेब तिथे आले. म्हणाले, दोघी चला, दहा मिनिटांचं काम आहे. एक साठीच्या मावशी आणि एक बारावी शिकलेली सूनबाई, अशा दोघी गेल्या.

त्यांना अंगणात तुळशीपाशी उभं केलं. पोलीस आत गेले. थोड्या वेळाने तागाची दोन पोती बाहेर आणली. कुठल्या खोलीतून आणली, माळ्यावरून की कणगीमागून, हे दोघींनी पाहिलं नाही. पोत्याचं तोंड उघडून दाखवलं, वास आला. गावातल्या किराणा दुकानातून काटा मागवला होता, पण त्यावर किती भरलं ते सूनबाईला तिच्या जागेवरून दिसलं नाही. अंधार पडायला आला तेव्हा दोघींना ठाण्यावर नेलं आणि चार-पाच कागदांवर सह्या मागितल्या. तेव्हा सूनबाईने आम्हाला फोन केला, "ताई, सही करू का? आम्ही तर अंगणातच होतो."

आम्ही तालुक्याला बँकेत रांगेत उभ्या होतो. म्हणालो, "करा, सरकारी काम आहे, घाबरू नका."

मावशी आमच्याच वर्गात सही शिकल्या. त्यांनी त्या दिवशी पाचही कागदांवर मन लावून सही केली.

यंदाच्या हिवाळ्यात दोघींना जिल्ह्याच्या कोर्टाचं समन्स आलं. आम्ही सोबत गेलो. आरोपीच्या वकिलाने उलटतपासणीत मावशींना विचारलं, पोती कुठून काढली? मावशी म्हणाल्या, घरातून. घरात कुठून? मावशी गप्प. मग विचारलं, वजन किती भरलं? पंचनाम्यात २० किलो ४०० ग्रॅम लिहिलेलं आहे. मावशींना आठवेना, कारण त्यांनी ते पाहिलंच नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "पोत्यासकट वजन केलं, की बारदान वजा केलं होतं का?"

बायांनो, आडतीवर तूर घालताना बारदानाचं वजन वजा होतं, हे आपल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आणि ज्या कागदावर एका पोराचं आयुष्य तोललं गेलं, त्यावर बारदानाचा उल्लेखच नव्हता. आमच्या दोघींनीही विचारलं नाही, कारण पंचाला विचारायचं असतं हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आम्हीही नाही.

आता हे चारशे ग्रॅम का महत्त्वाचे, ते सांगतो. आम्ही बी.ए. झालेल्या, वकील नाही. पण त्या दिवशी घरी आल्यावर लाज वाटली, आणि मग विधी सेवा समितीच्या वकीलबाईंकडे चार-पाच वेळा बसून हे समजून घेतलं.

अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला एनडीपीएस म्हणतात. त्यात शिक्षा मालाच्या वजनावर ठरते. गांजा एक किलोपेक्षा कमी असेल तर ते अल्प प्रमाण, त्याला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस किलोच्या वर गेला की ते व्यापारी प्रमाण. त्याला कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त वीस वर्षं, आणि वर एक ते दोन लाख रुपये दंड. मधल्या वजनाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा, म्हणजे न्यायाधीश दोन वर्षंही देऊ शकतात, पाचही देऊ शकतात. वीस किलोच्या वर मात्र दहाच्या खाली येताच येत नाही. शिवाय जामीन. व्यापारी प्रमाण असेल तर कलम ३७ लागतं. हा माणूस दोषी नाही असं मानायला जागा आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा असं करणार नाही, अशी कोर्टाची खात्री पटावी लागते, तेव्हा जामीन. त्या घरातला पोरगा तीन वर्षं आत आहे, ते याच्यामुळे. तागाचं एक पोतं रिकामं काट्यावर ठेवून बघा, दोन पोत्यांचं मिळून किती भरतं.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. एरवी चोरीच्या खटल्यात सगळं सरकारने सिद्ध करायचं असतं. या कायद्यात माल एकदा तुमच्या ताब्यात होता असं सिद्ध झालं, की तो माझा नाही, मला माहीत नव्हतं, हे आरोपीने पटवून द्यायचं असतं. म्हणून सगळा भार एकाच प्रश्नावर येतो. माल खरोखर त्याच्या ताब्यात सापडला का, कुठे, किती, आणि कोर्टात आणलेला माल तोच का? हे सांगणारं पोलिसांशिवाय दुसरं कोण? पंच. म्हणजे आपली मावशी.

सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने १९९९ मध्ये पंजाबच्या एका खटल्यात हेच सांगितलं, की शिक्षा जितकी कडक, तितकी कायद्यातली पथ्यं जास्त काळजीने पाळली पाहिजेत. ही पथ्यं कुठली ते थोडक्यात ऐका, कारण उद्या आपल्या दारातही झडती होऊ शकते.

अंगझडतीपासून सुरू करू. कुणाच्या अंगावर, खिशात, कमरेला काही आहे का हे बघायचं असेल तर आधी त्या माणसाला सांगावं लागतं, की राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा न्यायदंडाधिकाऱ्यासमोर झडती घ्या, असं म्हणायचा तुला हक्क आहे. हे कलम ५०. राजपत्रित अधिकारी म्हणजे उदाहरणार्थ तहसीलदार. २०१० मध्ये घटनापीठाने स्पष्ट केलं, की हा हक्क नीट सांगितलाच पाहिजे, "तुला कुणासमोर झडती द्यायची का?" असं मोघम विचारून भागत नाही. पण हे फक्त अंगझडतीला. हातातली पिशवी, डोक्यावरचं गाठोडं, घरातलं पोतं याला कलम ५० लागत नाही, असं २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलेलं आहे. गावात कुणीतरी सांगतं, "तहसीलदार नव्हता ना, मग सुटतोय बघ." पिशवीच्या केसमध्ये तसं होत नाही. अशा सल्ल्यावर वकिलाची फी घालवू नका.

आणि बाईची अंगझडती फक्त बाईच घेईल. कायद्यात ते साफ लिहिलेलं आहे, त्याला अपवाद दिलेला नाही. महिला पोलीस सोबत नसेल तर "महिला पोलीस येऊ द्या" एवढंच शांतपणे म्हणा. हात झटकू नका, आरडाओरडा करू नका.

घराच्या झडतीला कलम ४२ आहे. खबर मिळाली तर अधिकाऱ्याने ती लिहून घ्यायची आणि त्याची प्रत ७२ तासांत वरिष्ठांना पाठवायची. वॉरंटशिवाय घरात शिरायचं तर सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. वॉरंट आणेपर्यंत माल पळवला जाईल असं वाटलं तर रात्रीही शिरता येतं, पण तसं का वाटलं हे आधी लिहून ठेवावं लागतं. २००९ मध्ये कोर्टाने सांगितलं, की घाईत लिहायला थोडा उशीर झाला आणि त्याचं कारण पटण्यासारखं असलं तर चालेल, अजिबात लिहिलंच नाही तर चालणार नाही. आपण मात्र दार अडवून उभं राहायचं नाही, तो उलटा गुन्हा होतो. दार उघडायचं आणि सोबत आत जायचं. घरातल्या माणसाला झडतीच्या वेळी हजर राहायचा हक्क आहे, आणि काय काय नेलं त्या यादीची पंचांच्या सहीची प्रत मागायचाही. ती मागून घ्या. चुलीच्या वरच्या फळीवर ठेवू नका, डब्यात ठेवा. आमच्याकडे एकीची प्रत वाळवी खाऊन गेली.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा आला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. त्याच्या कलम १०५ प्रमाणे झडती, जप्ती, यादी करणं आणि पंचांच्या सह्या, या सगळ्याचं व्हिडिओ चित्रीकरण करायचं आहे, मोबाईलवर केलं तरी चालतं. आमच्या दोघींच्या वेळी हा नियम नव्हता. असता तर वकिलांना अंगण, तुळस आणि तुळशीपाशी उभ्या मावशी पडद्यावरच दिसल्या असत्या.

पुढचं पथ्य नमुन्याचं. पकडलेला पदार्थ गांजाच आहे हे प्रयोगशाळा सांगते, आणि तिच्याकडे जातो तो छोटा नमुना. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की जप्तीनंतर अधिकाऱ्याने माल घेऊन न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा आणि नमुने त्यांच्यासमोर काढायचे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने त्याचे नियमही काढले. पण इथेही गैरसमज नको. २०२५ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने छत्तीसगडच्या एका प्रकरणात सांगितलं, की या रीतीत चूक झाली एवढ्यावरून खटला आपोआप पडत नाही, बाकीचा पुरावा भक्कम आहे का ते बघावं लागेल. कागदात खोट निघाली की आरोपी सुटलाच, हे सिनेमात.

तसंच पंचांचं. आमच्या दोघी कोर्टात खरं बोलल्या, तर सरकारी वकिलांनी त्यांना फितूर जाहीर करायची परवानगी मागितली आणि ती मिळाली. फितूर म्हणजे ज्याच्या बाजूने बोलायला बोलावलं त्याच्या विरुद्ध बोललेला साक्षीदार. मग त्यांचेच वकील त्यांना फाडून विचारायला लागले, "आरोपीच्या घरच्यांनी पैसे दिले का? मग सही कशी केली?" सूनबाई रडली. मावशी म्हणाल्या, "सही माझीच आहे साहेब. पण सही केली ती कागदावर, पोत्यावर नाही." कोर्टात थोडं हसू झालं. मावशींना ते का, ते कळलं नाही. पंच फितूर झाले तरी पोलिसांची साक्ष विश्वासार्ह वाटली तर तिच्यावर शिक्षा होऊ शकते, हेही २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलेलं आहे. त्यामुळे पोरगा सुटेल की नाही, आम्ही काहीच सांगू शकत नाही. निकाल लागायचा आहे.

गावाने मात्र निकाल लावून टाकला. अर्धे म्हणतात बायांनी पैसे खाल्ले. त्या पोराची आई दुसऱ्या गटात आहे. पंचनाम्यावर सह्या झाल्या तेव्हापासून तिने मावशींशी बोलणं टाकलं होतं. साक्षीच्या दुसऱ्या दिवशी ती पेढे घेऊन आली. मावशींनी पुडा परत दिला. म्हणाल्या, "तुझ्या पोरासाठी नाही बोलले. दिसलं तेवढं बोलले."

पेढे परत गेले हे आम्हाला बरं वाटलं, आणि वाईटही. त्याच गावात नववी-दहावीची पोरं शाळेमागे बसून ओढताना आम्ही बघितली आहेत. त्यांच्या आया आमच्याच गटात हप्ता भरतात. गांजा विकणाऱ्याला शिक्षा व्हावी असं आम्हाला मनापासून वाटतं. म्हणूनच ही चीड आहे. माल खरा असेल तर दोन बायांना आत न नेल्यामुळे आणि बारदान न लिहिल्यामुळे खटला लंगडा झाला. आणि माल त्या पोराचा नसेल, तर आमच्या दोन सह्यांनी त्याची तीन वर्षं गेली. दोन्हीकडून नुकसान आपल्याच गावाचं.

आता पंच व्हायला बोलावलं तर काय करायचं? पळून जायचं नाही. लेखी आदेश देऊन बोलावलं आणि योग्य कारणाशिवाय नकार दिला तर तो गुन्हा धरतात. पंच पुरुषच असला पाहिजे असंही नाही. जायचं, पण पहिल्यापासून जायचं. पंचनाम्यात पुष्कळदा एक ओळ ठरलेली असते, की पंचांनी आधी पोलिसांची झडती घेतली, त्यांच्याजवळ आक्षेपार्ह काही नव्हतं. ती ओळ असणार असेल तर ती झडती खरोखर घ्या. मग आत जा, हात कुठे घातला आणि वस्तू कुठून निघाली हे डोळ्यांनी बघा. काट्यावरचा आकडा स्वतः वाचा, वाचता येत नसेल तर सोबतच्या पंचाला मोठ्याने वाचायला सांगा. पोतं, डबा, पिशवी यांचं वजन वेगळं केलं का, विचारा. सील आपल्यासमोर लागतंय ना, आणि पाकिटाला चिकटवायच्या चिठ्ठीवर आपली सही होतेय ना, हे बघा. दोन-तीन वर्षांनी कोर्टात तेच पाकीट पुढे करून विचारतात, ही सही तुमची का? त्या वेळी ओळख पटते ती त्या चिठ्ठीनेच.

कोऱ्या कागदावर सही नाही, अंगठा तर मुळीच नाही. पंचनामा वाचून दाखवा म्हणा. जिथे उभ्या होता तिथेच उभ्या होता असं लिहायला सांगा. "आम्ही अंगणात होतो" हे लिहिलं तर सही करायला हरकत काय? लिहायला तयार नसतील तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने तेवढं एक वाक्य लिहा. घरी आल्यावर तारीख, वेळ आणि काय पाहिलं हे गटाच्या वहीत नाही, आपल्या स्वतःच्या वहीत टिपून ठेवा. पोलिसांनी जबाब घेतला तर त्या जबाबावर सही करायची नसते, कायदाच तसं म्हणतो. पंचनाम्यावर करायची असते. या दोन्हींत घोळ होतो, म्हणून सांगितलं.

शेताचंही सांगायला हवं, कारण सातबारा आता कितीतरी बायांच्या नावावर आहे. तुरीत, कपाशीत, उसात आतल्या सरीला गांजाची झाडं लावलेली सापडली, अशा बातम्या आपण वाचतो. लागवडीलाही दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुम्ही रान बटईने दिलं आणि बटईदाराने आत हे केलं, तर चौकशीची पहिली थाप तुमच्याच दारावर पडते. शेतात अशी झाडं आहेत हे कळल्यावर ताबडतोब कळवणं हे जमीनधारकाचं कर्तव्य कलम ४६ मध्ये आहे, आणि माहीत असून गप्प बसलं तर शिक्षा. सरपंच आणि पंचायतीच्या पंचांवरही कलम ४७ मध्ये तेच कर्तव्य आहे, हे सरपंच झालेल्या आपल्या ताईंनी लक्षात ठेवावं. म्हणून बटईचा कागद करा, आणि महिन्यातून एकदा रानात आतपर्यंत फिरून या. बांधावरून बघू नका. आणि झाडं उपटून जप्त झाली तर वजन कशाचं केलं ते विचारा. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलं-फळं आलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसतं पान आणि बी त्यात धरत नाहीत. मुळं, माती, ओलं खोड सगळं एकत्र तोलून आकडा फुगतो, आणि हा मुद्दा वकिलाने लावून धरायचा असतो.

सूडबुद्धीने खोटी खबर देणाऱ्याला या कायद्यात दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. भाऊबंदकीच्या भांडणात कुणाच्या गोठ्यात काही टाकायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल, तर तेही ऐकून ठेवा. विनाकारण त्रास द्यायला झडती घेणाऱ्या अधिकाऱ्यालाही शिक्षा आहे, सहा महिन्यांपर्यंत.

आणि घरातलं माणूस उचललं तर? कुठे नेलं ते विचारा, अटकेचं कारण विचारा, २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं हे लक्षात ठेवा. "कबूल कर, सोडून देतो" म्हणाले तरी, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं आहे, की या कायद्याखालच्या अधिकाऱ्यांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. वकिलासाठी मंगळसूत्र गहाण टाकण्याआधी तालुका विधी सेवा समितीत जा. बाईला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. कोठडीत असलेल्या माणसालाही मिळतो. फोन नंबर १५१००.

गेल्या बैठकीत मावशींनी आम्हाला विचारलं, "त्या पोरानं खरंच ठेवला होता का गं?" आम्हाला माहीत नाही. ते बघायलाच तर त्यांना नेलं होतं.

येत्या बुधवारी दुपारी दोन वाजता प्रभागसंघाच्या कार्यालयात वकीलबाई येणार आहेत. ज्यांच्या सह्या कुठल्याही पंचनाम्यावर आहेत त्यांनी यावं, समन्स आलं असेल तर ते सोबत आणावं. मावशी आणि सूनबाई दोघी असतील. सूनबाई रिकामं पोतं आणि काटा आणणार आहे.